बारावीची परीक्षा ते निकाल : कोकणातील विद्यार्थ्यांनी हा काळ कसा वापरावा

बारावीचा निकाल लागेपर्यंत कोकणातील अनेक घरे आंबा-काजूच्या हंगामात गुंतलेली असतात आणि पुढच्या शिक्षणाचा विचार निकालावर ढकलला जातो. निकालानंतर मात्र केवळ धावपळ होते. म्हणून निर्णयाची तयारी हंगामातच करावी.

प्रथम कागदपत्रे हाती घ्यावीत. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून मागवता येतो. नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला लागत असेल, तर त्याची मुदत प्रवेशाच्या पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. सर्वाधिक वेळ खाते ती जात पडताळणी. तिच्यासाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जातीची नोंद लागते, आणि ते मुंबईत शिकलेले असतील तर तो दाखला तिथल्या शाळेतून काढून आणावा लागतो. मुंबईहून शिमग्याला आलेल्या काका-आत्यांकडे ही चौकशी तेव्हाच करून ठेवावी.

अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी ते काम करणाऱ्या माणसाला भेटावे. रसायन अभियांत्रिकी घ्यायची असेल, तर लोटे-परशुरामच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला त्याचा दिवस कसा जातो, पहिला पगार किती होता आणि पदविका व पदवी यांमुळे कामात काय फरक पडतो, हे विचारावे. रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय किंवा दापोलीचे कृषी विद्यापीठही स्वतः पाहून यावे. घराजवळ आहे म्हणून एखादी संस्था कमी लेखू नये.

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात पसंतीक्रम मनापासून लावावा. पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळाली, तर ती जागा स्वीकारावी लागते. ती सोडल्यास पुढच्या फेऱ्या बंद होतात. संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांवर प्रवेश घेतल्यास शुल्कसवलतीही मिळत नाहीत, आणि हे मुलींनी विशेष लक्षात ठेवावे, कारण वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च मात्र वेगळा धरावा.

पदविका किंवा आयटीआयनंतर थेट नोकरी मिळाली नाही, तर १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) पाहावी. त्यात विद्यावेतन मिळते. रुजू होण्यापूर्वी आपल्या कराराची नोंदणी झाली आहे का, हे आस्थापनेकडे विचारून त्याची प्रत जवळ ठेवावी.