घरच्या जुन्या माणसांकडून फुटबॉल मॅचच्या आठवणी काढून घ्यायच्या कशा

पहिली गोष्ट म्हणजे "काका, शहाऐंशीच्या वर्ल्डकपचं काहीतरी सांगा ना" असं विचारूच नका. अर्जेंटिनाचा मॅराडोना, त्यानं हातानं मारलेला गोल, काय खेळायचा राव, एवढंच येणार आणि ते सगळ्यांनाच पाठ आहे. मॅच सोडा, आधी टीव्हीचं विचारा. टीव्ही कुणाच्या घरी होता, ब्लॅक अँड व्हाइट का कलर, अँटेना फिरवायला कुणाला वर चढवायचे, खालून "आलं आलं, आता हलवू नको" कोण ओरडायचं. माणूस एकदा त्या खोलीत जाऊन बसला की मॅच आपोआप निघते, आणि मग तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही, साल चुकलं तरी नाही, ते नंतर बघू.

मोबाईलवर रेकॉर्ड करा पण फॅन बंद करा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. आणि मॅचचा व्हिडिओ आधी अजिबात दाखवू नका. एकदा व्हिडिओ बघितला की माणूस स्वतःची आठवण सोडून व्हिडिओच सांगायला लागतो. आधी बोलणं, मग व्हिडिओ, आणि व्हिडिओ बघताना जे सुटतं ते वेगळं रेकॉर्ड करा, कारण खरी मजा तिथेच असते.

आता कुठली मॅच ते ओळखायचं कसं, तर घड्याळावरून. अर्जेंटिना-इंग्लंड क्वार्टर फायनल, २२ जून १९८६, मेक्सिकोत भर दुपारी १२ ला सुरू झाली म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. त्यामुळे "जेवायच्या आधी लाईव्ह बघितली" म्हणणाऱ्याची मॅच दुसरी असणार. याच्या उलट २००२ ला मॅचेस जपान-कोरियात, सगळ्या दिवसाउजेडी, ब्राझील-इंग्लंड तर आपल्याकडे बरोबर दुपारी १२ ला, रोनाल्डिन्योची फ्री किक इंग्लंडचा गोलकीपर सीमनच्या डोक्यावरून गेली ती. कामाला दांडी मारल्याची गोष्ट आली की आधी हा वर्ल्डकप चेक करा. १९९४ ची फायनल अमेरिकेत, रेकॉर्डला १७ जुलै आहे पण आपल्याकडे १८ तारीख उजाडून रात्रीचा १ वाजला होता आणि वर पेनल्टी शूटआऊट, इटलीच्या बॅजिओनं गोलच्या वरून मारली ती. म्हणून कात्रण शोधताना १८ च्या पेपरात डोकं घालू नका, १९ चा काढा.

दुसरी खूण जर्सीची. हाताचा गोल ५१ व्या मिनिटाला आणि पाच-सहा जणांना चकवून मारलेला ५५ व्या, दोन्ही मॅराडोनाचे, त्याच इंग्लंडच्या मॅचमध्ये, आणि त्या दिवशी अर्जेंटिना गडद निळ्या जर्सीत होती. पट्ट्यांची जर्सी फायनलला, पश्चिम जर्मनीला ३-२ हरवलं तेव्हा. कोणी "पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीत हातानं मारला" म्हणालं तर दोन रात्री एकत्र झाल्यात असं समजा. सांगणाऱ्याला मात्र तोंडावर खोटं पाडू नका हो, गप्प होतात मग. बाजूला लिहून ठेवा.

वर्ल्डकपचं निदान तपासता तरी येतं, खरी गंमत गावातल्या मॅचची. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या जुन्या मॅचेसचे व्हिडिओ कुठून आणणार, तिथे माणसंच विचारायला लागतात. आणि एकाच बाजूला विचारून भागत नाही. पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या दोन तालमींच्या फुटबॉल टीम, तर पाटाकडीलवाल्यानं सांगितलेली मॅच दिलबहारवाल्याकडून पण ऐका, रेफ्री, ऑफसाईड, भांडण कुणी सुरू केलं, सगळंच उलटं निघतं, आणि दोघंही शपथेवर सांगतात. दोन्ही जसंच्या तसं ठेवा, मधलं काहीतरी स्वतः बनवू नका. स्कोअरसाठी तालमीत टीमचा जुना फोटो असेल तर त्याचा मोबाईलवर फोटो काढा, मागची बाजूपण काढा, कधी कधी तिथे पेनानं नावं आणि साल लिहिलेलं असतं. तो फोटो घेऊन परत त्याच काकांकडे जा, आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून फक्त एवढंच विचारा, "हा कुठं खेळायचा?"