फ्योर्डच्या सीझनला बोटीवर जाताय? या चुका टाळा

नॉर्वेचा रूट मिळाला म्हटलं की घरचे, मित्र, सगळे एकच म्हणतात, "मजा आहे बुवा तुझी, फुकटात नॉर्वे!" गोव्यात, सिंधुदुर्गात, मुंबईत कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी क्रूझच्या बोटीवर नोकरीला असतं, तेव्हा हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी रेस्टॉरंटमध्ये कामाला होतो. पहिल्या सीझनला आमची बोट नॉर्वेतल्या गायरांगर गावाला चार वेळा गेली आणि मला तिथला फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, दिसला तो चौथ्या खेपेला. आधीच्या तीन खेपांना मी ज्या चुका केल्या, त्याच नवीन मुलं-मुली करताना पुढे दरवर्षी बघितल्या. म्हणून हे लिहितोय.

बंदर येण्याची वाट बघणं

नव्या माणसाचं सगळं लक्ष गँगवे, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची वाट, कधी उघडतो याकडे असतं. पण गायरांगरला खरं बघायचं ते बोट थांबायच्या आधीच मागे पडलेलं असतं. हा फ्योर्ड साधारण 15 किलोमीटर लांब. सरळ पाण्यातून वर गेलेले कडे, त्यांच्या अंगावर चिकटल्यासारखी जुनी, आता ओस पडलेली शेतघरं. आणि 'सात बहिणी' धबधबा, ज्याची सगळ्यात उंच धार तब्बल 250 मीटर थेट खाली येते. बोट आत शिरते भल्या सकाळी, आणि त्या वेळी आपण ब्रेकफास्टच्या प्लेटा उचलत असतो. मी 11 वाजता ड्युटी संपवून वर आलो, तर समोर होतं अडीचशेच्या आसपास वस्तीचं गाव आणि आठवणवस्तूंची दुकानं. सुंदरच होतं, पण ज्यासाठी लोक एवढे पैसे भरून येतात ते मागे राहिलं होतं.

यावर उपाय बोट बाहेर पडताना आहे. संध्याकाळचं सेल-अवे, म्हणजे बोट सुटणं, नक्की किती वाजता ते आदल्या दिवशीच बघा. तुमचा ब्रेक त्या वेळेत बसत नसेल, तर सहकाऱ्याशी अदलाबदल करा आणि सुपरवायझरला आधी सांगा, आयत्या वेळी नाही. बऱ्याच बोटींवर पुढच्या टोकाला क्रूसाठी उघडा डेक असतो. तो दोर सोडताना किंवा जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात, तेव्हा उघडा आहे का ते विचारून मगच जा. मे-जूनमध्ये बर्फ वितळतं तेव्हा धबधबे भरून वाहतात. उन्हाळा सरता सरता सातातल्या काही बहिणी पार आटून गेलेल्या असतात, त्यामुळे "पुढच्या खेपेला बघू" म्हणून सोडून देऊ नका.

फोनच्या अलार्मवर भरवसा

ही चूक मला पहिल्या वॉर्निंगपर्यंत घेऊन गेली. आमची बोट इंग्लंडहून निघायची. नॉर्वे इंग्लंडच्या एक तास पुढे, म्हणून उत्तर समुद्रात एका रात्री बोटीची घड्याळं तासाने पुढे होतात. क्रू मेसच्या बोर्डावर तशी नोटीस लागलेली असते. मी ती वाचली नाही. माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, नेटवर्क नाही. फोनला वेळ बदलल्याचं कळायला मार्गच नव्हता. अलार्म पाचला वाजला तेव्हा बोटीवर सहा वाजले होते आणि माझ्या वाट्याच्या टेबलांवर पाहुणे, म्हणजे बोटीवरचे प्रवासी, येऊन बसले होते.

फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून टाका. शंभर-दोनशे रुपयांचं साधं मनगटी घड्याळ घ्या आणि ते कायम बोटीच्या वेळेवर लावा. किनाऱ्यावर गेल्यावरही परतायची वेळ त्याच घड्याळात बघा. क्रूची परतायची वेळ पाहुण्यांच्या आधीची असते, हेही विसरू नका. गायरांगरला बोट नांगर टाकून उभी असेल, तर छोट्या टेंडर बोटीने ये-जा करावी लागते. तिथे शेवटच्या टेंडरची वाट बघत कॉफी पीत बसू नका. शेवटी पाहुण्यांचीच रांग एवढी असते की आपला नंबर मागे जातो.

न विचारता लांब जाणं

निघण्याआधी आयपीएमची, म्हणजे 'इन-पोर्ट मॅनिंग'ची, यादी बघा. बंदरात आणीबाणी आली तर बोटीवर पुरेशी माणसं हवीत, म्हणून प्रत्येक बंदरात क्रूच्या एका गटाला थांबावंच लागतं. तुमचं नाव त्यात असेल तर विषय संपला. ड्रिलचंही, म्हणजे आणीबाणीच्या सरावाचंही, तसंच. पाहुणे खाली उतरले की ड्रिल लागतं, ते चुकवू नका.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीतच नसते. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, आहे. बोटीच्या क्रू लिस्टवर असलेल्या खलाशाला व्हिसाशिवाय किनाऱ्यावर उतरता येतं, पण बंदर ज्या नगरपालिकेत आहे ती आणि तिला लागून असलेल्या नगरपालिका, एवढ्याच हद्दीत. लांबची टूर काढण्याआधी क्रू ऑफिसमध्ये विचारा.

वेळेचं गणितही नीट करा. स्ताव्हांगरला उतरलेला जो तो प्रेकेस्तूलेनला जायचं म्हणतो. तो 604 मीटर उंचीचा कडा फार देखणा आहे, पण जाऊन-येऊन 8 किलोमीटर चाल, म्हणजे सुमारे चार तास, वर बसचा प्रवास वेगळा. पाच तासांच्या सुट्टीत हे बसत नाही. त्यापेक्षा बर्गनला फ्लॉयनवर जा. 320 मीटर उंच, शहरातूनच रेल्वेसारख्या डब्याने काही मिनिटांत वर, आणि उतरताना रमतगमत चालत खाली.

थंडी, पैसे, झोप

बर्गनला वर्षातले 200 हून जास्त दिवस पाऊस असतो. कोकणात वाढलेल्या माणसाला पावसाची भीती नसते, तिथेच फसतो. आपला पाऊस अंगावर घेता येतो. तिथे ओली जीन्स घालून दोन तास फिरलात तर रात्रीच्या ड्युटीला ताप घेऊन उभे राहाल. वॉटरप्रूफ जॅकेट आणि लोकरीचे मोजे घरूनच न्या, कारण तिथल्या किमती आपल्या पगाराला परवडणाऱ्या नाहीत. नॉर्वेत युरो नाही, क्रोन चालतो, आणि बहुतेक ठिकाणी कार्डच लागतं. डॉलरच्या नोटा खिशात तशाच राहतात. पाणी मात्र नळाचं बिनधास्त प्या.

प्रत्येक बंदरात उतरलंच पाहिजे असं नाही. कायद्याने 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळायला हवी आणि त्यातले सलग 6 तरी. ती कागदावर खरीखुरी नोंदवा आणि झोपण्यासाठीच वापरा. आठवड्यातली दोन बंदरं निवडा, बाकीच्या दिवशी झोपा. अगदी उत्तरेला ट्रॉम्सोकडे गेलात तर उन्हाळ्यात मध्यरात्रीही लख्ख उजेड असतो. क्रू डेकवर गप्पा मारता मारता दोन कधी वाजतात कळत नाही.

घरच्यांना न सांगणं

उंच कड्यांमुळे फ्योर्डमध्ये सॅटेलाइटचं इंटरनेट बऱ्याचदा जातं. एकदा दिवसभर माझा फोन लागला नाही आणि आईने रात्रभर जागून काढली. तेव्हापासून खेपेचं वेळापत्रक घरी आधीच पाठवतो. उन्हाळ्यात नॉर्वे आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे तिथे दुपारी चारला फोन केलात तर घरी साडेसात वाजलेले असतात, जेवणाआधीची निवांत वेळ. बोलून झालं की बोट सुटायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो बोटीचं महागडं नेटवर्क पकडतो आणि बिल महिनाअखेरीस कळतं.

आणि गायरांगरहून व्हिडिओ कॉल लागलाच, तर कॅमेरा कुठे धरायचा तेही सांगून ठेवतो. आत येताना सात बहिणी डावीकडे लागतात, बाहेर पडताना उजवीकडे.