फोटो वर्गातून बाहेर नेण्याआधी

सारस पक्ष्याचा धडा आहे, तर गुगलवरून फोटो उचलायचा आणि स्वाध्यायात चिकटवायचा, एवढंच आपण करतो. खाली लिहितो 'गुगलवरून साभार'. गुगलनं तो फोटो काढलेला नसतो, हे मलाही उशिराच कळलं.

पहिल्यांदा हे ठरवा की चित्र जाणार कुठं. कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 52 शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला नक्कल करू देतं, प्रश्नपत्रिकेतसुद्धा. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना देण्यावरून झालेला खटला) दिल्ली उच्च न्यायालयानं 2016 मध्ये या सवलतीचा अर्थ बराच मोकळा लावला. म्हणजे सातवीच्या तीस पोरांना झेरॉक्स वाटायला हरकत नाही. पण तीच पीडीएफ तालुकाभर फिरवली, धडा युट्यूबवर टाकला किंवा स्वाध्यायपुस्तिका विकायला काढली, तर ही सवलत गृहीत धरू नका.

बाहेर जायचं असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे मोकळ्या परवान्याच्या चित्रांच्या साइटवर, शोधा. चित्र उघडून खालचा परवाना वाचा. बहुतेकदा तो 'सीसी', म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा असतो. 'बीवाय' म्हणजे नाव द्या. 'एसए' असेल तर बदललेलं चित्र त्याच परवान्यानं पुढं द्यायचं. 'एनसी' आणि 'एनडी' कॉमन्सवर चालत नाहीत, पण इतर साइटवर दिसतात. 'एनसी' असेल तर धंद्यासाठी नाही. 'एनडी' मात्र टाळाच: मागची भाताची बांधी कापून नुसता सारस ठेवलेली प्रत वाटता येत नाही, आणि आपल्याला नेमकी तीच कापाकापी करायची असते.

श्रेय असं लिहा: छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बीवाय-एसए 4.0. डिजिटल प्रत असेल तर दुवाही द्या.

जुनी चित्रं सोपी. भारतात फोटोचा हक्क 2012 च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.  चित्रकाराच्या बाबतीतही मृत्यूनंतर 60 वर्षं, त्यामुळे 1906 साली वारलेल्या राजा रविवर्म्याची चित्रं बिनधास्त वापरा.

काहीच जमेना तर फोटोवाल्याला सरळ विचारा. 'मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, तुमचा हा फोटो मोफत स्वाध्यायपुस्तिकेत नावासकट छापू का?' 'हो' आलं की त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कोपऱ्यातलं त्याचं नाव कापून फोटो वापरायचा प्रकार तेवढा करू नका.

आणि सारस दिसतात त्या गोंदियाकडचे असाल तर मोबाइल घेऊन सकाळी शेताच्या धुऱ्यावर जा. घरट्यापासून लांब उभे राहा. फोटो धूसर येईल, पण तुमचा असेल.