जीबीएसनंतर ताकद परत मिळवताना: किती करायचं आणि कुठे थांबायचं

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत एकापाठोपाठ एक रुग्ण सापडू लागले आणि गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव घराघरांत पोहोचलं. दूषित पाणी, आयव्हीआयजीची (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची) इंजेक्शनं, व्हेंटिलेटर यांवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. रुग्ण घरी आल्यानंतरच्या महिन्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. खरी कसोटी तिथेच असते. घरातल्या सगळ्यांना वाटतं, आता जोर लावला की माणूस उभा राहील. हा लेख मुख्यतः ती समजूत दूर करण्यासाठी आहे. जीबीएसमध्ये नुसता जोर लावून ताकद येत नाही. आधी नस सावरते, मग स्नायू. व्यायाम लागतोच, पण तो थकण्याआधी थांबवायचा असतो.

आधी रिपोर्ट समजून घ्या

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. बहुतेकदा आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. अशक्तपणा साधारण २ ते ४ आठवडे वाढतो, मग काही काळ तिथेच थांबतो आणि त्यानंतर उतरू लागतो. वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसेवर मायलिनचं आवरण असतं. फक्त आवरण खराब झालं असेल तर ते काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पुन्हा तयार होतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पाऊल सगळ्यात उशिरा का सुधारतं ते कळेल.

म्हणून न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचारा, ‘नसांच्या तपासणीत आवरण गेलंय की तंतू?’ या एका उत्तरावरून अंदाज येतो की आपण महिन्यांचा हिशेब करायचा की वर्षा-दोन वर्षांचा. १०० पैकी सुमारे ८० रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. उरलेल्यांचीही सुधारणा त्यानंतर चालू राहू शकते, म्हणून सहा महिन्यांनी व्यायाम सोडून देऊ नका.

अंथरुणावर असताना

हात-पाय हलत नसले तरी काम सुरू झालेलं असतं. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर माकडहाड आणि टाचांवर जखमा होतात. पाऊल पुढे लोंबकळत राहिलं तर पोटरीचा स्नायू आखडतो आणि पुढे ताकद येऊनही टाच टेकत नाही. ते टाळायला पाऊल घोट्यात काटकोनात ठेवणारा स्प्लिंट लावा. स्प्लिंट काढल्यावर कातडी लाल झालीय का ते रोज पाहा, कारण संवेदना कमी असल्याने रुग्णाला टोचलेलं कळत नाही.

प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा घरच्यांनी हळूवार पूर्ण फिरवावा. हे फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. रुग्णाला वर सरकवताना किंवा उठवताना दंड धरून ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा दुखावतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने राहतं. पाठीखाली हात घालून किंवा चादरीने उचला.

श्वासासाठी दवाखान्यातून मिळालेलं तीन चेंडूंचं यंत्र घरी आल्यावर कपाटात जाऊ देऊ नका. जागेपणी थोडं थोडं करत राहा.

बसायची घाई नको

जीबीएसमध्ये रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडलेल्या असू शकतात. बराच काळ झोपून असलेल्या माणसाला एकदम बसवलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. पलंगाचं डोकं किंवा उशा टप्प्याटप्प्याने उंच करा. मग पाय खाली टेकवून काठावर बसवा आणि समोर एक माणूस राहू द्या. सुरुवातीला पाच मिनिटंही पुरेत. पाठीने तोल धरला की पुढचं बरंच सोपं होतं, कारण ताकद बहुधा गेली त्याच्या उलट्या क्रमाने परत येते: आधी धड, खांदे, मांड्या आणि शेवटी बोटं आणि घोटे.

किती व्यायाम?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून थोडं सविस्तर. नुकत्याच सावरू लागलेल्या स्नायूकडून जास्त काम घेतलं तर तो आणखी दुबळा होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक स्नायूला त्याच्या आजच्या ताकदीप्रमाणे काम द्या.

हात किंवा पाय स्वतःचं वजन उचलून वर जातच नसेल तर तो उचलायला लावू नका. चादरीवर टाल्कम पावडर टाकून टाच सरकवा, हात टेबलावर फडक्यासकट पुढे-मागे न्या. वजन पलंग किंवा टेबल पेलतं, हालचाल स्नायू करतो.

हात-पाय वर जाऊ लागला की पाच ते आठ वेळा करा आणि थांबा. तासाभराने पुन्हा थोडं. दिवसातून चार लहान फेऱ्या एका मोठ्या फेरीपेक्षा कितीतरी चांगल्या. वाळूची पिशवी, रबर बँड, डंबेल हे सगळं नंतरचं. पूर्ण हालचाल अनेकदा, विनासायास होऊ लागली की फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरूनच सुरू करा.

जास्त झालंय हे ओळखायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. काल उचलला जाणारा पाय आज उचलत नाही, स्नायू दिवसभर दुखतात, मुंग्या वाढल्यात, तर एक-दोन दिवस विश्रांती घ्या आणि मग निम्म्यापासून पुन्हा सुरू करा. एक साधी वही ठेवा: आज काय केलं, किती वेळा, दुसऱ्या सकाळी कसं वाटलं. आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, वेळा किंवा वेळ, दोन्ही एकदम नको. प्रेमाने ‘अजून एक, अजून एक’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना ही वही दाखवा. त्यांचा हेतू चांगला असतो, पण थांबायचं कुठे हे रुग्णाच्या स्नायूंना विचारायला हवं.

उभं राहणं आणि चालणं

उंच खुर्चीतून उठायला सुरुवात करा. पलंगाखाली ठोकळे लावूनही उंची वाढवता येते. उठणं सहज झालं की हळूहळू कमी उंचीवर या. उभं राहायला स्वयंपाकघरातला ओटा उत्तम: समोर भक्कम आधार, मागे खुर्ची. गुडघा मागे ताठ अडकवून उभं राहायची सवय लागू देऊ नका, त्याने गुडघ्याच्या मागच्या बाजूवर ताण येतो.

मग वॉकर, मग काठी. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरा. चालताना पाऊल घासत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट बुटात घालून वापरा. तो लावला तर सवय होईल म्हणून अनेक जण टाळतात आणि पडतात. हाड मोडलं तर महिने मागे जातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, आणि कठडा सोडायचा नाही.

घरात मोकळ्या सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या चपला वापरा. बाथरूममध्ये हँडल बसवा आणि स्टुलावर बसून आंघोळ करा. भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोड खुर्ची ठेवा. उकिडवं बसणं आणि जमिनीवर मांडी घालून जेवणं ही शेवटची पायरी, कारण तिथून उठायला मांडीची खूप ताकद लागते. पायांना संवेदना कमी असतील तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, भाजलेलं कळत नाही. आंघोळीचं पाणी घरच्या कुणीतरी आधी तपासावं.

हातांसाठी घरातलीच कामं

महागडी उपकरणं लागत नाहीत. मटार सोलणं, ताटात मिसळलेले राजमा आणि हरभरे वेगळे करणं, मऊ कणीक मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, शर्टाची बटणं लावणं. बोटं लवकर थकतात, म्हणून दहा मिनिटं पुरे. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड केलं तर माणूस स्वतःच्या हाताने जेवू शकतो, आणि भरवून घेण्यापेक्षा त्याचं मोल फार आहे.

थकवा वेगळा असतो

ताकद बरीचशी आली, चालता येतं, तरी दुपारी अंगातला जीव गेल्यासारखं वाटतं. हा आळस नाही. जीबीएसच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना असा थकवा राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. आंघोळ, व्यायाम आणि पाहुणे एकाच सकाळी ठेवू नका. मध्ये पडून राहा. तब्येत स्थिर झाल्यानंतर मात्र हलका, नियमित व्यायाम थकवा कमी करतो. नेदरलँड्समध्ये आजार स्थिर झालेल्या रुग्णांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, स्थिर सायकल चालवायला दिली तेव्हा त्यांचा थकवा कमी झाला. पण ही सायकल चालणं पक्कं झाल्यानंतरची.

जेवणात रोज डाळ, दही, अंडी किंवा मासे असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. तेलाने हलका हात फिरवायला हरकत नाही, पण मालिशने नस वाढत नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर मालिश अजिबात नको. आत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुधारू लागलेली ताकद पुन्हा कमी होणं, गिळताना ठसका लागणं, एका श्वासात वीसपर्यंत मोजता न येणं, यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

रुग्ण गप्प झाला, व्यायाम टाळू लागला, झोप उडाली, तर तेही डॉक्टरांना सांगा. नसांच्या जळजळीवर आणि उदासीवर औषधं आहेत.

खाजगी फिजिओथेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. मुंबईत हाजीअलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे उपचार होतात आणि स्प्लिंटही बनवून मिळतात.

कामावर आणि दुचाकीवर

कामावर जाताना अर्ध्या दिवसाने सुरुवात करा आणि शक्य असेल तर आठवड्याच्या मध्ये एक सुट्टी ठेवा. दुचाकीची घाई सगळ्यांनाच असते. चालता येतं म्हणजे गाडी चालवता येते असं नाही. सिग्नलला थांबल्यावर गाडीचं वजन एका पायावर पेलायला हवं, ब्रेक जोरात आणि लगेच दाबता यायला हवा, पाय कुठे टेकलाय ते न बघता कळायला हवं. या तिन्ही गोष्टी बंद गाडीवर, स्टँड काढून, बाजूला कुणाला तरी उभं करून तपासा. डॉक्टरांनी होकार दिल्यावर आधी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, सकाळी, ताजेतवाने असताना चालवून बघा. मुख्य रस्त्यावर जाताना पहिले काही दिवस मागे कुणाला बसवू नका.