संदर्भलेखाचं शीर्षक ठरवताना

वाचक शोधपेटीत काय टंकेल, हा पहिला प्रश्न. शीर्षक म्हणजे शक्यतो नाम, तेही एकवचनी: 'आंबे' नको, 'आंबा' हवा. 'आंब्याविषयी माहिती' तर नकोच, माहिती असणार हे गृहीतच आहे. श्री, डॉ., महर्षी, लोकमान्य या उपाध्या लेखाच्या पहिल्या वाक्यात घ्या. शीर्षक 'बाळ गंगाधर टिळक' एवढंच ठेवा आणि 'लोकमान्य टिळक' असं शोधणाऱ्याला तिकडे वळवा.

एकाच नावाच्या दोन गोष्टी असतील तरच कंस घाला. पाटण साताऱ्यातही आहे आणि गुजरातेतही, म्हणून 'पाटण (सातारा जिल्हा)'. 'रत्नागिरी'साठी जिल्हा आणि शहर वेगळे करावे लागतात. कंसाआधी एक जागा सोडा, कंसाच्या आत सोडू नका.

खरा घोळ शुद्धलेखनात होतो. 'कवी'चा वी दीर्घ, पण 'कविसंमेलन'मध्ये वि ऱ्हस्व. त्याहून छळवादी प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲल्युमिनियम'मधला 'ॲ' एका कळीने एकच अक्षर म्हणून उमटतो, दुसरीकडे 'अ'वर चंद्र देऊन बनतो. दिसतात सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. मग एकाच विषयावर दोन लेख तयार होतात. 'ऱ्या'चंही तेच. नवा लेख उघडण्याआधी दोन्ही प्रकारे टंकून शोधा, आणि उरलेल्या रूपावरून पुनर्निर्देशन द्या, म्हणजे ते रूप टंकणारा आपोआप मूळ लेखाकडे वळेल.

शीर्षकाच्या शेवटी पूर्णविराम देऊ नका.