वंचित वस्तीत मानवाधिकार चित्रपट महोत्सव भरवताना

महोत्सवाची तयारी चित्रपटांच्या यादीपासून सुरू करू नये. आधी वस्तीतल्याच पाच-सात जणांची निवड समिती नेमावी, तिच्यात स्त्रिया आणि तरुण असावेत, आणि चित्रपट नाकारण्याचाही अधिकार तिला असावा. नावापुरती समिती लोकांच्या लगेच लक्षात येते. १९४८च्या मानवाधिकारांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील कलम २७ प्रत्येकाला सांस्कृतिक जीवनात मुक्तपणे भाग घेण्याचा हक्क देते, आणि समोर बसून पाहणे हा त्याचा लहानसाच भाग आहे. अल्जीरियातील सहरावी (पश्चिम सहारातील) निर्वासितांच्या छावण्यांत २००३ साली सुरू झालेल्या फिसहारा महोत्सवात छावणीतील लोकांसाठी चित्रपटनिर्मितीच्या कार्यशाळाही घेतल्या जातात, ते याच समजुतीतून.

समितीने प्रत्येक चित्रपट आधी पूर्ण पाहावा. ज्यांची घरे पाडली गेली आहेत त्यांना पुन्हा दोन तास घरे पडतानाच दाखवण्यात काय हशील? त्याऐवजी दुसरीकडच्या लोकांनी त्याच प्रश्नाशी कशी झुंज दिली, हे दाखवणारा चित्रपट लोकांना अधिक बोलते करतो. डीव्हीडी विकत घेतली किंवा ऑनलाइन वर्गणी भरली म्हणून सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. तिकीट नसले तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. मात्र हेतू सांगून विचारल्यास शुल्क कमी किंवा माफ होऊ शकते.

उघड्यावरचा खेळ पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नये. पडद्याची रुंदी दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र फिके पडते, म्हणून मोठ्या पडद्याचा मोह टाळावा. जनरेटर दूर ठेवावा. उपशीर्षके सर्वांना वाचता येतीलच असे नाही. अशा ठिकाणी माइकवरून स्थानिक बोलीत संवाद सांगणारा माणूस हवा, आणि त्याने चित्रपट आधी दोनदा तरी पाहिलेला असावा.

चर्चेला भरपूर वेळ राखून ठेवावा, मग त्यासाठी एक चित्रपट कमी करावा लागला तरी चालेल. कोणालाही चारचौघांत स्वतःचा अनुभव सांगण्याचा आग्रह करू नये, पण ज्याला बोलायचे आहे त्याच्यासाठी समुपदेशक आणि कायदा जाणणारी व्यक्ती तिथे हजर असावी. प्रेक्षकांची छायाचित्रे त्यांच्या संमतीशिवाय काढू नयेत, कारण एखाद्या चेहऱ्यावरून घरमालकाला किंवा मुकादमाला हवे ते कळू शकते. लोकांनी मांडलेल्या मागण्या त्याच रात्री लिहून काढून समितीच्या हाती द्याव्यात आणि देणगीदारांच्या अहवालात त्या घालायच्या असतील तर नावे वगळावीत.