क्यूबी ड्राफ्ट करायचा की अनुभवी आणायचा? मार्च उजाडायच्या आत हे बघून ठेवा

एनएफएलमधली (अमेरिकन फुटबॉलची लीग) आपली टीम क्यूबी, म्हणजे क्वार्टरबॅक, बॉल फेकून सगळा हल्ला चालवणारा, शोधतेय असं कळलं की सगळे लगेच नावांवर तुटून पडतात. नावं शेवटी हो, आधी लाइन बघा. ऑफेन्सिव्ह लाइनच, म्हणजे क्यूबीला वाचवणारी पुढची फळीच, धड नसेल तर कोवळा पोरगा आणून त्याचा बळी कशाला देताय, २००२ ला ह्यूस्टन टेक्सन्स नवीकोरी टीम, ड्राफ्टमध्ये (कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडायची पद्धत) पहिलाच पिक, म्हणजे निवड, डेव्हिड कार, आणि त्या एका सीझनला बिचाऱ्याला ७६ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकायच्या आत पाडलं, तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाय.

मग पैशाचा हिशोब मांडा. २०१० ला पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड, त्याला ६ वर्षांचे ७८ मिलियन डॉलर मिळाले, २०११ ला नवख्यांच्या पगाराचे नियम बदलले आणि कॅम न्यूटनला ४ वर्षांचे २२. म्हणजे ड्राफ्टचा खरा फायदा हाच, क्यूबी स्वस्तात. पण तीन सीझन झाले की एजंट नव्या कराराचा विषय काढणारच, त्यामुळे मधल्या काळात वाचणारा पैसा कुणावर लावायचा ते आत्ताच ठरवून ठेवा, नाहीतर स्वस्त क्यूबी असून उपयोग शून्य.

आता कोच. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. जो कोच पोरगा निवडतोय तो दोन वर्षांनी नोकरीत असेल का? २०२३ ला पँथर्सनी ब्राइस यंगसाठी बेअर्सना डी. जे. मूर हा खेळाडू दिला, वर पिक्सचा ढीग दिला, आणि ११ मॅचमध्येच कोच फ्रँक राइकला घरी पाठवलं. त्या ढिगातला पुढच्या वर्षीचा पिक पहिल्या नंबरचा निघाला आणि बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्स उचलला. उलट चीफ्स बघा, २०१७ ला १० व्या नंबरवर महोम्स घेतला, पण अँडी रीडची खुर्ची पक्की होती आणि अ‍ॅलेक्स स्मिथ खेळत होता, म्हणून पोराला वर्षभर बसवलं, शेवटची एक मॅच दिली, आणि पुढच्या वर्षी तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पॅकर्सनी तर रॉजर्सला तीन वर्षं फाव्हर्‌च्या मागे बसवलं आणि नंतर लव्हला तीन वर्षं रॉजर्सच्या मागे. एवढा धीर तुमच्या मालकाकडे आहे का ते आधी विचारा.

अनुभवी आणायचा असेल तर बाकी टीम तयार पाहिजे. रॅम्सनी स्टॅफर्डसाठी आपला क्यूबी गॉफ आणि दोन फर्स्ट राउंड पिक दिले आणि पहिल्याच सीझनला सुपर बोल जिंकला, ब्रेडी टॅम्पाला गेला तेव्हा ४३ वर्षांचा होऊन जिंकला, कारण दोन्हीकडे सगळं होतं, फक्त क्यूबी नव्हता. तुमच्याकडे तसं आहे का, खरं सांगा. शिवाय सही करायच्या आधीच बाहेर पडायचा खर्च काढा, ब्रॉन्कोजनी रसेल विल्सनला दोन सीझनमध्ये सोडला तर ८५ मिलियन डेड मनी (गेलेल्या खेळाडूचा पैसा) कॅपवर, म्हणजे टीमच्या पगाराच्या मर्यादेवर, बसला. ब्राउन्सनी वॉटसनला २३० मिलियन पूर्ण गॅरंटीड दिले, आणि वर तीन फर्स्ट राउंड पिक. हौसेला मोल नसतं म्हणतात पण एवढं? आणि बॅकअप धड ठेवा, रॉजर्स जेट्सकडे आला आणि चौथ्या स्नॅपलाच, म्हणजे चौथ्याच डावाला, जखमी होऊन बाहेर गेला होता.

दोन्ही करायचं मनात असेल तर अनुभवी माणूस स्वस्तातला आणि एक वर्षाचाच घ्या. २०२४ ला व्हायकिंग्सनी डार्नल्डला १० मिलियनमध्ये आणला, मग मॅकार्थी ड्राफ्ट केला, मॅकार्थीचा गुडघा सीझनच्या आधीच गेला आणि डार्नल्डने १४ मॅच जिंकून दिल्या. त्याच वर्षी फाल्कन्सनी कझिन्सला १८० मिलियनचा करार दिला आणि दीड महिन्यात ८ व्या पिकवर दुसरा क्यूबी पेनिक्स घेतला, डिसेंबरात कझिन्स बेंचवर.

आणि हो, सातव्या राउंडला एखादा पिक उरला असेल तर तोही क्यूबीवरच टाका. २०२२ ला नाइनर्सनी २६२ वा म्हणजे अगदी शेवटचा पिक ब्रॉक पर्डीवर घालवला, तोच पुढे मुख्य क्यूबी झाला, आणि ज्या ट्रे लान्ससाठी तीन फर्स्ट राउंड पिक मोजले होते तो राहिला बाजूला.